सायकलीची वाट आणि पायी वारी

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, दुपारच्या सत्रात गावातील सायकल मंडळींच्या वतीने झालेले भाषण. बोलले तसेच, थोडे नीट करून छापले आहे.)



सप्ताहात काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन असतं. त्यात सायकलवाल्यांचं काय काम, असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. आम्हालाही वाटलं. पण कमिटीने सांगितलं, की गावात वर्षभर ज्या विषयावर पारावर बोलणं चाललंय, तो एकदा मांडवात सगळ्यांसमोर बोला. विषय तुम्हाला माहीत आहे. गावातली पोरं दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटर सायकली चालवतात, आषाढीच्या आधी सायकलीने पंढरपूरला जाऊन येतात. याला वारी म्हणायचं का? आणि या सायकलवाल्यांना आपल्या दिंडीची पताका द्यायची का? काही ज्येष्ठ म्हणतात, द्या, पोरं तेवढीच देवाच्या वाटेला लागतील. काही म्हणतात, मुळीच नको, पायी वारीचा खेळ होईल. दोन्हीकडचं बोलणं आमच्या कानावर आलंय. आज आमचं म्हणणं ऐका. शेवटी निर्णय तुमचाच.

आधी आमच्याबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही बारा जण. कोणी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत, कोणी सातपूर-अंबडला कंपनीत. दोघं शाळेत शिक्षक, एक मेडिकलवाला, बाकीचे कांदा-सोयाबीनवाले. आमच्यातल्या बहुतेकांच्या आजोबांनी संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर वारी केली. तीन आठवड्यांहून जास्त चालणं. आज कंपनीत कंत्राटावर असलेल्या पोराने तेवढी सुट्टी मागितली, तर त्याला सांगतात, "जा, पण परत येऊ नको." हे रडगाणं म्हणून सांगत नाही. दिंडीत तरुण का कमी दिसतात, त्याचं हे एक कारण आहे. सगळ्यांचीच भक्ती आटली असं नाही, बऱ्याच जणांची रजा आटलीय.

आता ही लांबची सायकल म्हणजे काय ते सांगतो. टीव्हीवर दिसते ती शर्यत वेगळी. त्यात पैसा असतो, पहिला-दुसरा असतो, मागे गाड्या असतात. आमचा प्रकार हौशी लोकांचा. त्याला ब्रेव्हे म्हणतात, फ्रेंच शब्द आहे. आपल्याकडची पोरं 'बीआरएम' म्हणतात. त्याचे नियम फ्रान्समधल्या एका जुन्या क्लबने घातले, ओडॅक्स क्लब पॅरिसियन नावाचा, 1904 सालचा. तेच नियम आज जगभर चालतात, आणि नाशिक, पुणे, मुंबई, नागपूर इथेही त्याच नियमांनी या राइड होतात.

नियम साधे आहेत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास. तीनशेला वीस तास. चारशेला सत्तावीस तास. सहाशेला चाळीस तास. या वेळेत ऊन, पाऊस, चढ, जेवण, पंक्चर, झोप, सगळं आलं. तुमच्यासाठी घड्याळ थांबत नाही. एका हंगामात या चारही राइड पूर्ण केल्या की 'सुपर रँडोनियर' म्हणतात. वाटेत ठरलेली ठिकाणं असतात. तिथे हातातल्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का चुकला, तर सगळी राइड गेली. मदतीची गाडी मागे ठेवायची नाही. स्वतःची ट्यूब, पंप, पाणी स्वतः न्यायचं. वाटेत कोणी हात दिला, चहा पाजला, तर चालतं. पण पगारी माणूस गाडी घेऊन मागे, हे चालत नाही.

आणि आता जे सांगतो, ते वारकरी माणसाला लगेच पटेल. या प्रकारात पहिला नंबर नसतो. साडेतेरा तासांची राइड कोणी नऊ तासांत केली आणि कोणी तेरा तास पंचवीस मिनिटांत, दोघांना मान सारखाच. यादी छापतात ती नावाच्या अक्षरानुसार, वेळेनुसार नाही. फार जोरात जाणाऱ्यालाही लगाम आहे. शिक्क्याचं ठिकाण ठरलेल्या वेळेआधी उघडतच नाही. दोनशे किलोमीटरचं शेवटचं ठिकाण सुमारे सहा तासांच्या आत गाठलं, तर तिथे वाट बघत बसावं लागतं. आपल्याकडे नाही का, दिंडीचा नंबर ठरलेला असतो, रथापुढची रथापुढे आणि रथामागची रथामागे. पाय जोरात आहेत म्हणून कोणी विण्याच्या पुढे पळत नाही. ज्याला पळायचंय त्याने पळावं, पण त्याला आपण वारी म्हणत नाही. हे ज्या दिवशी लक्षात आलं, त्या दिवशी आम्हाला या राइड परक्या वाटेनाशा झाल्या.

या सगळ्या राइडांची पंढरी म्हणाल तर ती फ्रान्समध्ये आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. पॅरिसपासून समुद्रकाठच्या ब्रेस्ट गावापर्यंत जायचं आणि परत यायचं. सुमारे बाराशे किलोमीटर, जास्तीत जास्त नव्वद तास. 1891 साली एका वर्तमानपत्राच्या संपादकाने ती शर्यत म्हणून सुरू केली. सायकलचं यंत्र किती भरवशाचं आहे, ते लोकांना दाखवायचं होतं. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्याने ती साधारण बहात्तर तासांत केली, फारशी झोप न घेता. 1931 पासून तिच्यात हौशी लोकांचाही भाग आला. पुढे धंदेवाईकांची शर्यत बंद पडली आणि हौशी मंडळींची वाट तेवढी राहिली. आता ती दर चार वर्षांनी भरते. तिच्या नावाची, चाकाच्या आकाराची मिठाईही फ्रान्समध्ये मिळते.

पण आम्हाला तिच्याबद्दल आवडलेली गोष्ट वेगळीच. त्या वाटेवरची खेडी रात्र-रात्र जागी असतात. घरासमोर टेबल टाकतात, वर कॉफी, केक, पाणी. जाणाऱ्याला हाका मारतात, थांबा, खाऊन जा. पैसे घेत नाहीत. एका गावातलं कुटुंब तर वर्षानुवर्षं हे करतंय. बदल्यात ते एवढंच मागतं, की घरी पोचलात की तुमच्या देशातून आम्हाला एक पोस्टकार्ड पाठवा. दुसऱ्या एका गावात शाळेतली पोरं थकलेल्या सायकलवाल्याच्या हातातलं ताट घेऊन त्याला बसायला जागा करून देतात. तिथले लोक ना विठ्ठल जाणतात, ना ज्ञानोबा. पण वाटसरूला खाऊ घालायचं, हे त्यांनाही कोणीतरी शिकवलंय. आपल्या वाटेवर राहुरीपासून करमाळ्यापर्यंत पिठलं-भाकरी घेऊन उभ्या असणाऱ्या माऊलींची आणि त्या फ्रेंच आजीबाईंची गाठ पडली, तर भाषेवाचून त्यांचं जमेल, एवढं नक्की.

तिथे जाणं सोपं मात्र नाही. 2019 साली भारतातून तीनशेच्या आसपास लोक गेले, आणि त्यातल्या बहुतेकांना ती वेळेत पूर्ण करता आली नाही. थंडी, समोरचा वारा, न संपणारे चढउतार आणि झोप. आपल्या जिल्ह्याने मात्र लांबच्या सायकलीत नाव काढलंय. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार केली. सुमारे 4,800 किलोमीटरची ती शर्यत दोघांनी पाळीपाळीने चालवून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ती शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यांच्यामुळे नाशिकच्या कितीतरी पोरांनी सायकल बाहेर काढली. आम्हीही त्यातलेच.

आता सायकलवारीकडे येतो. नाशिकहून दरवर्षी आषाढीच्या आधी सायकलींचा मोठा जथा पंढरपूरला निघतो. साधारण साडेतीनशे किलोमीटर. पहिला मुक्काम अहिल्यानगर, आपल्या तोंडी अजून नगरच. मग मिरजगाव, करमाळा करत दुसरा मुक्काम टेंभुर्णीला. तिसऱ्या दिवशी पंढरपूर. पुणे-पिंपरीकडूनही जथे येतात, काही जण एका दिवसात पोचतात. पंढरपुरात अलीकडे सायकलींचं रिंगणही भरायला लागलंय. बायका येतात, साठीच्या पुढचे आजोबा येतात, शाळेतली पोरं येतात. हेल्मेटवर गंध लावलेला असतो, हँडलला छोटी पताका. चढ आला की कोणीतरी "ज्ञानोबा-तुकाराम" सुरू करतो, आणि अर्धा चढ झाला की दम लागून सगळे गप्प होतात.

तर प्रश्न पहिला. ही वारी आहे का?

आमचं आम्ही बोललो, खूप बोललो, आणि उत्तर असं निघालं, की तिला यात्रा म्हणा, दर्शन म्हणा, पण पायी वारीच्या जागी तिला बसवू नका. कारण सांगतो.

एक तर नामाचं. चालताना माणूस भजन म्हणू शकतो. पावलाला टाळ लागतो, टाळाला पखवाज लागतो, आणि चौदा-पंधरा किलोमीटर कधी सरले ते कळत नाही. सायकलवर चढाला छातीचा भाता होतो. उतारावर नजर रस्त्यावरच्या खड्ड्यावर. मनात नाम घेता येतं, कोणी घेतही असेल. पण चाळीस जणांनी एका सुरात हरिपाठ म्हणणं, ते सायकलवर होत नाही. प्रयत्न करून बघितलाय.

दुसरं, वेगाचं. सायकलवाला राहुरी दुपारी बघतो आणि नगर संध्याकाळी. त्याला गावाची पाटी दिसते, गाव दिसत नाही. आपल्या दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. अमुक गावात कोणाच्या वाड्यात पंगत असते, कोणत्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं, कोणत्या घरची सून गेल्या वर्षी बाळंत झाली, सगळं सांगेल. शंभर वर्षांत हे नातं चालून-चालून तयार झालंय. तीन दिवसांत ते होत नाही. करमाळ्याच्या पुढे एका आजीने आम्हाला चहा पाजला आणि विचारलं, "दिंडी कुठं सोडली रं तुमची?" ती मागून येतेय, असं म्हणालो, तर ती म्हणाली, "मग तुम्ही एवढे पुढं पळून करता काय?" आम्ही हसलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

तिसरं, पैशाचं. पायी वारीला धोतर, पिशवी आणि टाळ पुरतात. लांबच्या राइडला लागणारी गिअरची सायकल, हेल्मेट, दिवे, टायर-ट्यूब यांचा खर्च शेतमजुराच्या पोराला परवडत नाही. वारीत सालगडी आणि बागायतदार एका पंगतीत बसतात. ज्या वाटेवर आत यायला आधी पैसे लागतात, ती वाट कितीही चांगली असली, तरी वारीची बरोबरी करू शकत नाही.

आणि चौथं, सोबतीचं. ब्रेव्हेचा नियमच आहे, की आपलं आपण बघायचं. वाटेत सोबती मिळतात, एकमेकांचं पंक्चर काढतात, रात्री एकमेकांना जागं ठेवतात, हे खरं. पण पाय धरले, पोट बिघडलं, तर तुम्ही बाजूला थांबता आणि बाकीचे पुढे जातात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, तो प्रकारच तसा. दिंडी मात्र थकलेल्याला घेऊन जाते. ट्रकवर बसवेल, तळावर पाय चेपून देईल, पण सोडणार नाही.

म्हणून प्रश्न दुसरा, पताकेचा. मायबाप, आम्ही हात जोडून सांगतो, दिंडीची पताका आणि दिंडीचा नंबर सायकलींना देऊ नका. ज्यांनी ती खांद्यावर वाहिली, त्यांच्याच खांद्यावर ती शोभते. उद्या कोणी सायकलीवर पताका लावून फोटो काढील, परवा कोणी मोटारसायकलवर लावील. हे आम्ही रुसून म्हणत नाही. जे ज्येष्ठ 'देऊ नका' म्हणतात, त्यांचं म्हणणं आम्हाला पटलंय म्हणून म्हणतोय.

पण जे ज्येष्ठ म्हणाले, की पोरांना जवळ घ्या, त्यांचंही म्हणणं खरं आहे. मग आम्हाला काय द्यायचं? आम्हाला काम द्या. आणि कोणतं काम, तेही आम्ही शोधून आणलंय.

रात्री सायकल चालवताना सगळ्यात मोठी भीती कसली असते? चढाची नाही, चोराची नाही. पाठीमागून येणाऱ्या गाडीची. म्हणून ब्रेव्हेत रात्रीसाठी कडक नियम आहे. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, आणि अंगात चमकणारं जाकीट. आपण ज्याला रेडियम म्हणतो ते. दिवा बंद असला, तर पुढे जाऊ देत नाहीत. हा नियम लोकांनी लाडाने केलेला नाही.

आता आपल्या दिंडीकडे बघा. पहाटेचा काकडा होतो आणि अंधारातच दिंडी निघते. रस्ता आता चौपदरी झालाय, गाड्या वेगाने येतात. दिंडी डाव्या कडेने चालते, म्हणजे गाडी पाठीमागून येते, आपल्याला ती दिसतच नाही. टाळ-मृदंगात तिचा आवाजही ऐकू येत नाही. पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, विणेकरी. आणि अगदी शेवटी कोण? तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या आपल्या आयाबाया. ज्या बाजूने गाडी येते, त्या बाजूला त्या. त्यांच्यामागे दिवा नाही, काही नाही.

2022 साली कार्तिकी वारीच्या वेळी काय झालं, ते इथे बसलेल्यांना आठवत असेल. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कोल्हापूरकडून आलेल्या दिंडीत भरधाव गाडी घुसली. सात वारकरी गेले. पांडुरंगाच्या भेटीला निघालेली माणसं. असे अपघात लहान-मोठे दरवर्षी ऐकू येतात. चालवणारा चुकतो, त्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण गेलेलं माणूस त्याने परत येत नाही.

जरा हिशोब सांगतो. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे येते. ड्रायव्हरला पुढे काहीतरी दिसलं, ते माणूस आहे हे कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, तोवर दीड-दोन सेकंद जातात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी पस्तीस-चाळीस मीटर आलेली असते. त्यानंतर ती थांबायला आणखी तेवढंच, ओला रस्ता असला तर त्याहून जास्त अंतर लागतं. खालच्या दिव्यात काळी-निळी लुगडी अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत. पांढरं धोतरही पावसात लवकर दिसत नाही. रेडियमची पट्टी मात्र कितीतरी लांबून चमकते, आणि लाल लुकलुकणारा दिवा त्याहून लांबून दिसतो. तेवढे दोन-चार सेकंद जास्त मिळाले, की माणूस वाचतो. यात कसलं मोठं शास्त्र नाही. बैलगाडीच्या मागे आपण रेडियम लावतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावतो. वारकऱ्याच्या पाठीला लावत नाही, एवढंच.

म्हणून शताब्दीच्या वर्षी आमचं मागणं असं आहे.

एक. दिंडीतल्या प्रत्येकाच्या पाठीवर रेडियमची पट्टी. जाकीट घालायला ज्येष्ठांना आवडत नसेल, तर जबरदस्ती नको. पिशवीला शिवू, छत्रीला लावू, हंड्याच्या कडेला चिकटवू, पावसाच्या कागदाला लावू. गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताई-मावशींशी बोलणं झालंय, त्या शिवून देतील. पट्टीचा खर्च आम्ही बारा जण करू.

दोन. अंधार असेपर्यंत दिंडीच्या शेवटच्या माणसाच्या मागे साधारण पन्नास पावलांवर लाल दिवा आणि रेडियमचा झेंडा घेऊन एक माणूस चालेल. पुढे पताकेजवळ पांढरा दिवा. मागचा माणूस आमच्यातला राहील. सायकल हातात धरून चालेल, तिचाही दिवा लागलेला असेल. आम्ही बारा जण, प्रत्येकाने दोन दिवस. चोवीस दिवस होतात. एक-दोन कमी पडले, तर ते आपसात वाटून घेऊ. पंचवीस दिवसांची रजा कंपनी देत नाही, पण दोन दिवसांची देते. साप्ताहिक सुट्टी जोडली, की झालं.

कोणी विचारील, तळ रोज पुढे सरकतो, मग हे पोचणार कसे? अहो, त्यासाठीच तर दोनशे-तीनशे किलोमीटरची सवय केलीय. सिन्नरहून राहुरीला सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येतं. नगर, मिरजगाव एका दिवसात होतं. जवळच्या तळाला सायकलीने जाऊ-येऊ. लांबच्या तळाला सायकलीने जाऊ, आणि सामानाच्या ट्रकवाल्या भाऊंनी जागा दिली, तर सायकल वर टाकून एसटीने परत येऊ. आजवर नुसते शिक्के गोळा केले. आता त्या ताकदीचा काही उपयोग होऊ द्या.

तीन. महिन्याभरात, दिंडी निघायच्या आधी, पोलिस ठाण्याला आणि वाटेतल्या मोठ्या गावांना आपल्या दिंडीची पहाटे निघण्याची वेळ कळवायची. शक्य आहे तिथे तांबडं फुटल्यावरच हमरस्त्याला लागायचं. काकडा लांबला तरी चालेल. हे सांगणं आमच्या वयाला शोभत नाही, म्हणून महाराजांनीच ठरवावं.

चार. हे आमच्या स्वतःसाठी. जो सायकलीने पंढरपूरला जाईल, त्याने वर्षात किमान एक टप्पा दिंडीत पायी चालायचा, टाळ हातात घेऊन. दातलीचं रिंगण तर आपल्या तालुक्यातलंच, तिथे सगळे बारा हजर राहू. पंगतीत वाढायला उभे राहू. चाल येत नसेल, तर शिकू. शिकवणारे म्हातारे अजून आहेत, तोवर शिकू.

जाता जाता थोडं शरीराचं. लांब सायकल चालवताना जे कळलं, ते चालणाऱ्यालाही उपयोगी आहे. तहान लागायच्या आधी पाणी प्या, थोडं थोडं. नुसतं पाणीच पीत राहिलं आणि घाम गळत राहिला, तर अंगातलं मीठ कमी होतं, मळमळतं, चक्कर येते. लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी, ताक, नाहीतर दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी जवळ ठेवा. बीपी-साखरेचा त्रास असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरला विचारूनच. पायाला फोड यायच्या आधी आधी जळजळ होते. तेव्हाच थांबून पाय कोरडा करा, पट्टी लावा. फोड आल्यावर तोच पाय पुढचे चार दिवस खातो. आणि झोप मोडू नका. पहाटे तीन-चारला झोप माणसाला उभ्या-उभ्या पाडते. चारशे-सहाशेच्या राइडमध्ये मोठमोठे गडी पेट्रोल पंपाच्या कडेला, देवळाच्या ओट्यावर वीस मिनिटं डोळे मिटतात आणि मग पुढे जातात. तेव्हा कोणी त्यांना नावं ठेवत नाही. दिंडीतल्या ज्येष्ठांनीही दुपारच्या विसाव्याला लाजू नये.

मंडळी, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांपूर्वी निघालेल्यांकडे दिवा नव्हता, डांबरी रस्ता नव्हता, वाटेवर गाड्याही नव्हत्या. त्यांना चोरांची, पटकीची भीती होती. ती भीती धरून ते घरी बसले नाहीत. एकमेकांचे हात धरून गेले. आज भीती बदललीय, म्हणून हात धरायची रीत थोडी बदलायची. दिंडीच्या पुढे चालायचा मान तुमचा. तो आम्हाला नको. दिंडीच्या सगळ्यात मागे, शेवटच्या आजीच्या मागे पन्नास पावलांवर आम्हाला जागा द्या. अंधारात ती जागा रिकामी राहू नये, एवढंच मागणं.

कमिटीने हो म्हटलं, तर येत्या ज्येष्ठातच सुरुवात करू. पाळ्यांची यादी आम्ही करून आणलीय, मांडवाच्या खांबाला लावतो. बारा नावं आहेत, खाली जागा रिकामी ठेवलीय. ज्याला सायकल येत नाही, पण दोन दिवस चालता येतं, त्यानेही नाव लिहावं. दिवा धरायला सायकल लागत नाही.

बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर लेकरं म्हणून पोटात घाला.

रामकृष्ण हरी.